मेव्हण्याचा सायलेन्सर

भेट मिळालेली वस्तू आवडली नाही, तर माणूस ती कपाटाच्या वरच्या खणात ढकलतो आणि देणारा घरी येणार असला की तेवढ्यापुरती बाहेर काढतो. सायलेन्सरच्या बाबतीत ही सोय नाही. तो गाडीच्या पोटाखाली मुक्काम ठोकतो आणि किल्ली फिरवली की बोलायला लागतो. कवळीवाल्याला हे ज्ञान मेव्हण्याच्या कृपेने झालं.

कवळीवाला म्हणजे दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवून देणारा माणूस. दिवसभर एवढ्याशा खोलीत घासायचं मशीन त्याच्या कानाशी किंचाळत असायचं. संध्याकाळी गाडीत बसून काचा वर केल्या की जी शांतता मिळे, तीच काय ती त्याची चैन. रेडिओसुद्धा लावत नसे. बायको म्हणायची, "तुमची गाडी म्हणजे वाचनालय झालंय. फक्त पुस्तकं आणून ठेवायची बाकी आहेत."

या बायकोला एक थोरला भाऊ होता आणि तो तिच्याशी बोलत नव्हता. खरं तर तीच त्याच्याशी बोलत नव्हती. त्याने वडिलांनी लावून दिलेली पक्की नोकरी सोडून हौशी पोरांच्या गाड्यांना सायलेन्सर बनवून देण्याचं दुकान टाकलं, तेव्हा वडिलांनी त्याला सांगितलं, "पुन्हा मला तोंड दाखवू नकोस." त्याने ते शब्दशः पाळलं. पुढे वडील हॉस्पिटलात शेवटचे दिवस मोजत होते, तेव्हाही आला नाही. बहिणीने फोनवर फोन केले. प्रत्येक वेळी म्हणाला, "रस्त्यात आहे." वडील गेले, सगळं आटोपलं, तरी हा रस्त्यातच. त्या दिवसापासून तिने भावाचं नाव टाकलं.

कवळीवाल्याने ती वर्षं जवळून पाहिली होती. बायको हसायची, पण अर्ध्यावर थांबायची, कोणीतरी ऐकेल अशा धाकाने. एका सकाळी मेव्हणा इमारतीच्या खाली येऊन उभा राहिला आणि मान खाली घालून म्हणाला, "भाऊजी, गाडी दोन दिवस द्याल?" म्हणूनच कवळीवाल्याने काही न विचारता किल्ली देऊन टाकली. माफी मागायला कोणी शब्द आणतं, कोणी फुलं. या माणसाला पाईप वाकवता येत होता, त्याने पाईप आणला. गाडी परत आली ती मागे चकचकीत तोटी मिरवत. बायको खाली आली, तोटीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "दादा, हे काय रे लावलंस म्हाताऱ्याच्या गाडीला?" आणि हसली. पूर्ण हसली. कवळीवाल्याचे डोळे भरून आले. आपल्याला म्हातारा म्हटलंय, हे त्याच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

तेव्हापासून दर रविवारी तिघं मिळून बहीण-भावाच्या आईला भेटायला जाऊ लागली. आई लांबच्या एका वृद्धाश्रमात होती, महामार्गाने सव्वा तास. गावात गाडी मांजरासारखी गुरगुरायची, कौतुक वाटावं अशी. महामार्गाला लागून टॉप गिअर पडला आणि काटा नव्वदीजवळ स्थिरावला की मात्र सुरू व्हायचं.

घूंऽऽऽ.

हा आवाज मोठा नव्हता. मोठा असता तर निदान तक्रार करता आली असती. बाहेर उभ्या माणसाला तो ऐकूसुद्धा आला नसता. तो गाडीच्या आत कोंडून राहायचा, कानात बोट घातल्यासारखा, दाढांच्या मुळांपर्यंत उतरायचा. काच खाली केली तरी जायचा नाही. वेग कमी करावा तर मागचे ट्रक अंगावर यायचे. वाढवावा तर बायको दंडाला हात लावायची, सावकाश म्हणून. गिअर खाली घ्यावा तर इंजिन बोंब मारायचं. त्यामुळे ज्या वेगात आवाज, नेमक्या त्याच वेगात सव्वा तास जायचं आणि सव्वा तास यायचं, अशी ही शिक्षा होती. एक शब्दही बोलणं शक्य नव्हतं. बायको कपाळ दाबत बसायची. मेव्हणा मागच्या सीटवर, सायलेन्सरच्या अगदी डोक्यावर, खिडकीबाहेर पाहत निवांत असायचा.

घरी आल्यावर बायको डोकेदुखीची गोळी घ्यायची आणि म्हणायची, "उन्हाने झालं असेल." ढग असले तरी उन्हानेच. दादाने स्वतःच्या हाताने बनवलेली वस्तू, तिला नाव कसं ठेवणार? कवळीवालाही बायकोकडे पाहून गप्प. कितीतरी वर्षांनी बोलायला लागलेली बहीण-भावंडं, त्यांच्यात आपण आवाजाची तक्रार घेऊन कुठे शिरायचं? अशी तिघंही एकमेकांची मनं जपत त्या पेटीत बंद होऊन जात आणि येत.

उपाय त्याने केले, पण चोरून. डिकीत जुनी गादी अंथरली. आवाज गादीवर झोपून आणखी आरामात यायला लागला. रबरी पट्ट्या बदलल्या. कानात कापूस घालून पाहिला, तर आवाज कापसाच्या आतूनच येतोय असं वाटलं. शेवटी सोमवारी सकाळी मशीनसमोर बसला असताना, मशीन बंद असूनही त्याला घूं ऐकू आली. हातातली कवळी खाली ठेवून तो उठला आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला ठिगळ्याकडे गेला. फुटके सायलेन्सर सांधून देणाऱ्या त्या माणसाला सगळे ठिगळ्याच म्हणत.

ठिगळ्या त्याच्याबरोबर महामार्गावर आला. आवाज नेमका कुठल्या वेगाला चढतो ते त्याने आवाज मोजणारा मोबाईल आधी कानाशी आणि मग सीटशी धरून पाहिलं. परत येऊन म्हणाला, "बाजूला एक बंद नळी लावावी लागेल. एका बाजूने उघडी, दुसरीकडून बुजवलेली. आवाज आत जातो, बुडाला आपटून परत येतो आणि मागून येणाऱ्याला भिडतो. दोघं तिथल्या तिथे संपतात. लांबी जमली पाहिजे मात्र."

"आणि वरून दिसणार नाही ना?" कवळीवाल्याने विचारलं.

"गाडीखाली झोपून कोण बघतंय?" ठिगळ्या म्हणाला. गाडीखाली झोपणं हाच ज्याचा धंदा आहे, असा माणूस दर रविवारी या गाडीत बसतो, हे कवळीवाल्याने सांगितलं नाही.

रविवारी महामार्ग लागला. टॉप गिअर पडला. काटा नव्वदीवर आला. कवळीवाल्याने सवयीने खांदे आवळून घेतले.

काही झालं नाही. टायर रस्त्यावरून सरसरत होते. बायकोच्या मांडीवर संत्र्यांची पिशवी होती, तिची कुरकुर ऐकू आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तिला एका क्षणात सगळं कळलं आणि तिच्या चेहऱ्यावर आधी सुख आलं, मग भीती. दोघांनी आरशात पाहिलं. मेव्हण्याचा खिडकीवरचा हात खाली आला होता. तो सरळ होऊन बसला होता.

शांतता हवी म्हणून जो जीव टाकत होता, त्या कवळीवाल्याला आता तिचं काय करावं कळेना. एवढी शांतता, तीन माणसं, आणि पुढे तासभर रस्ता. कोणीतरी बोलणं भागच होतं.

"आईला स्वेटर घेतलाय," बायको म्हणाली.

"बरं केलंस," मेव्हणा म्हणाला. "बाबांचा तो तपकिरी होता ना, तसला?"

"बाबांचा तपकिरी नव्हता. शेवटी शेवटी निळा घालायचे." ती थांबली. मग तिला राहवलं नाही. "तुला कसं माहीत असणार म्हणा."

 कवळीवाल्याने आरशात मेव्हण्याकडे पाहिलं, समोर रस्त्याकडे पाहिलं, आणि पाय नकळत ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला.

"बारके, आज नको," मेव्हणा म्हणाला.

"मग कधी? एवढे रविवार झाले, तू एक अक्षर बोलला नाहीस. मीही विचारलं नाही. दादा आलाय ना, बास, असं म्हणत राहिले. पण मला झोपेतसुद्धा तो फोन ऐकू येतो. रस्त्यात आहे, रस्त्यात आहे. कुठला रस्ता होता रे तुझा, जो संपलाच नाही?"

"भाऊजी, गाडी थांबवा."

"दादा, अहो महामार्गावर..." कवळीवाला म्हणाला.

"थांबवा म्हणतो ना."

कवळीवाल्याने गाडी कडेला घेतली. संपलं, असं त्याला वाटलं. आता हा उतरून चालू लागणार, आणि बायकोचं हसणं पुन्हा अर्ध्यावर येणार. आणि हे सगळं आपण केलं, चार बोटं जाडीच्या एका नळीसाठी. मेव्हणा उतरला, पण चालू लागला नाही. गाडीच्या मागे गेला, खडीवर पाठ टेकली आणि सरकत सरकत गाडीखाली शिरला. बाहेर फक्त त्याचे बूट राहिले.

दोघंही उतरून त्या बुटांपाशी येऊन उभे राहिले. बूट काही बोलेनात.

"कोणी लावलं?" खालून आवाज आला.

"मी," कवळीवाला म्हणाला. "म्हणजे लावून घेतलं. दादा, राग मानू नका. तिचं डोकं दुखायचं. तुमच्या कामात खोट नाही, माझेच कान..."

"वेल्डिंग गचाळ आहे. लांबी बरोबर आहे." बूट थोडे हलले. "मी असली नळी रोज दोन लावतो, भाऊजी. हिलाच तेवढी लावली नव्हती."

"विसरलात?"

"नाही."

एक ट्रक वाऱ्याचा तडाखा देऊन गेला. बायको खाली बसली, गुडघे खडीत टेकवून. पण वाकून आत पाहिलं नाही.

"घूं चालू असली की बोलता येत नाही," खालून तो म्हणाला. "बोलता आलं नाही तर तू विचारणार नाहीस. मला तुमच्याबरोबर यायचं होतं, बारके. नुसतं बसायचं होतं. सांगायचं काही नव्हतं."

"आणि आता?"

 उत्तर आलं ते घाईघाईने, एका दमात. "मी आलो होतो. शेवटचे तिन्ही दिवस. हॉस्पिटलच्या खाली, पार्किंगमध्ये. तू फोन घेऊन खिडकीशी यायचीस ना, मला दिसायचीस. लिफ्टपर्यंत दोनदा गेलो. त्यांनी सांगितलं होतं तोंड दाखवू नकोस. मला वाटलं, मी समोर उभा राहिलो आणि त्या रागानेच त्यांचा जीव गेला तर? मग मी आयुष्यभर कुठे जाणार होतो?"

बायकोने तोंडावर हात ठेवला. कवळीवाल्याला काय करावं सुचेना, म्हणून तो जाणाऱ्या गाड्यांना उगाचच हाताने लांबून जा अशी खूण करत राहिला.

"दादा, बाहेर ये."

"आधी एक सांग. बाबांनी मला विचारलं होतं का?"

कवळीवाल्याचा हात हवेतच थांबला. त्या खोलीत तोही होता, पलंगाजवळच्या स्टुलावर, रात्रंदिवस. सासऱ्यांनी पेपर आला का विचारलं होतं. घरचा गळका नळ दुरुस्त झाला का विचारलं होतं. नर्सला तिच्या मुलाच्या परीक्षेबद्दल विचारलं होतं. मुलाचं नाव त्यांच्या तोंडून एकदाही आलं नव्हतं. त्या गोष्टीवरून बायको तेव्हा बाथरूमची कडी लावून रडली होती.

तिने वर नवऱ्याकडे पाहिलं. मग बुटांकडे.

"विचारलं होतं," ती म्हणाली.

बूट हलले, आणि मेव्हणा बाहेर आला. कपाळाला काळं लागलं होतं, ते त्याने पुसलं नाही. कोणी कोणाला मिठी वगैरे मारली नाही. बायकोने त्याच्या पाठीची खडी झाडली, जरा जोरातच, आणि या वेळी ती पुढे न बसता मागे त्याच्याशेजारी बसली. कवळीवाला एकटाच पुढे, भाड्याच्या ड्रायव्हरसारखा.

गाडी पुन्हा नव्वदीला आली. घूं नव्हती. मागची प्रत्येक हालचाल ऐकू येत होती, श्वाससुद्धा. कवळीवाल्याला पहिल्यांदा वाटलं की ती असती तर बरं झालं असतं.

"काय विचारलं?" मेव्हणा म्हणाला.

 आरशात कवळीवाल्याला बायको दिसत होती. ओठ दाबून ती शोधत होती, जे कधी कोणी ठेवलंच नव्हतं ते.

"म्हणाले," तिने सांगितलं, "त्याचं दुकान बरं चाललंय ना."

मेव्हण्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. तो हलक्या आवाजात म्हणाला, "बरं चाललंय." ते उत्तर बहिणीला नव्हतं.

कवळीवाल्याने रस्त्यावरची नजर हलवली नाही. वृद्धाश्रम अजून अर्धा तास लांब होता.

"भाऊजी, तुम्हीही होतात ना तिथे?"

"होतो."

"तुम्ही ऐकलंत, ते म्हणाले तेव्हा?"

आरशात बायकोचे डोळे त्याच्याकडे लागले होते. आता हे दर रविवारी सांभाळावं लागणार, जाताना आणि येताना, आई असेपर्यंत आणि नंतरही, हे त्याला स्पष्ट दिसलं. 

"ऐकलं ना," तो म्हणाला. "दोनदा विचारलं त्यांनी."