थुंकायची दवा

ब्रह्मपुरीच्या दवाखान्यातून दम्याचा रोजचा पंप आणल्यापासून गुणाबाईचा श्वास मोकळा झाला, पण तोंड बिघडलं. जिभेवर पांढरे चट्टे आले, तिखट सोसेना. शेजारीण म्हणाली, "त्याच्यात स्टेरॉइड रायते बाई, अंगात जहर भिनते." गुणाबाईनं घाबरून पंपच सोडला. मग धानाच्या मळणीत धूळ उडाली आणि तिचा दम असा कोंडला की सून दिव्यानीनं तिला जीपमध्ये घालून परत दवाखान्यात नेलं.

मशीनची वाफ घेऊन जीव थाऱ्यावर आला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिचं तोंड पाहिलं.

"पंप घेतल्यावर चूळ भरता का?"

"चूळ भरली तं दवा थुंकून नाई जात का?"

"छातीत जायची ती गेलेली असते. तोंडात उरते तीच त्रास देते. तेवढी थुंकायची. पण पंप आपल्या मनानं बंद करायचा नाही."

गुणाबाई गोंधळली. आजवर तिनं औषधाचा चमचासुद्धा चाटून पुसला होता. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "थुंकाचीच होती तं देली काऊन?"

"आधी ओढाची आत्याबाई, मंग थुंकाची," दिव्यानी हसली.

दुसऱ्या सकाळी पंप घेऊन गुणाबाई तोंडात पाणी धरून अंगणात कितीतरी वेळ उभी राहिली. शेवटी जीव घट्ट करून थुंकली. डॉक्टरीणबाईंनी जिभेवर टाकायला दिलेल्या थेंबांनी चट्टे गेले, दमही पुन्हा उठला नाही. अंबाडीची चटणी भातात कालवताना तिनं शेजारणीला सांगितलं, "जहर नाई वो, तोंड धुवाचं रायलं होतं."

थुंकलेली दवा गुण कशी देते, हे मात्र तिला अजून उमगलेलं नाही.