पेशीतले पूल

सरांनी तिला 'घुबड' हे नाव ठेवलं ते ती पीएचडी करत असताना. बाहेर लख्ख ऊन असलं तरी ती मायक्रोस्कोपच्या अंधाऱ्या खोलीत पडद्याला डोळे लावून बसलेली असायची. पुढे सर निवृत्त झाले, ती पुढच्या संशोधनासाठी दुसऱ्या प्रयोगशाळेत पोस्टडॉक म्हणून रुजू झाली, पण फोनवर ते अजून "काय घुबडा, काय दिसलं?" असंच विचारत.

आता जे दिसत होतं, ते सरांना सांगण्याजोगं नव्हतं.

सरांची उभी हयात एका शोधावर गेली होती. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया एकमेकींना बारीक धाग्यांनी जोडलेल्या असतात, हे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली सगळ्यांत आधी त्यांनी पाहिलं. त्या धाग्यांना त्यांनी 'पूल' म्हटलं आणि पाठ्यपुस्तकांत तेच नाव रूढ झालं. पण तेव्हा पेशी आधी रसायनात मुरवून, अल्कोहोलने तिच्यातलं पाणी काढून, राळेत घट्ट बसवून मग कापावी लागे. आता तीच पेशी डोळ्याचं पातं लवायच्या आत गोठवता येते, पाणी आत जसंच्या तसं राखून. हे पूल नव्या पद्धतीने आणखी स्पष्ट दाखवायचे, याच कामावर तिला घेतलं होतं. आणि गोठवलेल्या पेशींत पूल नव्हतेच.

आपलंच काहीतरी चुकतंय असं धरून तिने जंग जंग पछाडलं. शेवटी त्याच पेशी जुन्या पद्धतीने तयार केल्या, तर पूल हजर. मग आणखी काही पेशी रसायनात मुरवल्या, पण अल्कोहोल लागायच्या आत गोठवल्या. त्यांत पूल नाहीत. म्हणजे पाणी ओढून घेतलं की आतली प्रथिनं आक्रसत होती आणि त्यांचेच धागे होत होते.

"शोधनिबंध लिहायला घे," प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. "आपण नाही छापलं तर दुसरं कुणीतरी छापेलच."

"आधी सरांना सांगते."

"सांग. पण लांबवू नकोस."

सरांच्या घरी दार काकूंनी उघडलं. सरांचं हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. तिचा चेहरा पाहून काकूंनी तिला दारातच थोपवलं.

"पुलांचं काही आहे का?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"वाईट?"

ती चपला काढता काढता थांबली.

"मग ह्यांना सांगू नकोस," काकू हळूच म्हणाल्या. "आम्हाला मूलबाळ नाही. ह्यांच्यामागे राहील असं तेवढंच आहे बघ."

तिने सांगितलं नाही. हवापाण्याच्या गप्पा मारल्या, सरांनी डॉक्टरांची नक्कल केली, ती हसली आणि निघाली. पुढच्या खेपेलाही तेच. त्यानंतरच्या भेटीत मात्र काकू औषधं आणायला गेल्या होत्या. त्यांची पावलं जिन्यावरून उतरेपर्यंत सर थांबले.

"घुबडा, एवढ्या वेळा आलीस, पण एकदाही पुलांचं नाव काढलं नाहीस. तू कसली गप्प बसणारी! दाखव."

"सर, तुम्ही बरे झालात की..."

"मी बरा होणार नाही. दाखव."

तिने लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. सर एकेक चित्र बघत राहिले. प्रश्न विचारले ते तिच्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेत विचारल्यासारखे: बर्फ किती जाड होता, पेशी जिवंत होत्या कशावरून, जुन्या पद्धतीने करून पाहिलंस का. तिने सगळं सांगितलं. अल्कोहोलच्या आधी गोठवलेल्या पेशींपाशी येऊन ते थांबले.

"अल्कोहोल," ते म्हणाले. "मला तेव्हा एकाने विचारलं होतं. भर सभेत मी त्याची खिल्ली उडवली. लोक हसले होते."

मग ते पुन्हा पहिल्या चित्रापाशी गेले.

"माझ्या ज्या ज्या विद्यार्थ्यांनी पुलांवर पीएचडी केली, त्यांना आधी कळव," ते म्हणाले. "बिचाऱ्यांना एकदम छापलेलं वाचायला लागू नये. आणि लिहिताना गुळमुळीत लिहू नकोस. नाहीत म्हणजे नाहीत. काम चोख केलंयस."

तिचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत सरांनी तिच्या कामाला चोख म्हटलं नव्हतं.

औषधांची पिशवी घेऊन काकू आत आल्या. उघडा लॅपटॉप त्यांना दिसला. त्या तशाच स्वयंपाकघरात गेल्या आणि ती निघाली तरी बाहेर आल्या नाहीत.

सरांचे फोन त्यानंतर बंद झाले. तिने केला तर "ठीक आहे" म्हणत आणि काकूंच्या हातात देत. शोधनिबंध छापून आला, दोन ठिकाणांहून तिला भाषणाची बोलावणी आली आणि त्याच सुमारास सर झोपेतच गेले. हृदय थकलं होतं, हे होणारच होतं, असं डॉक्टर म्हणाले. तिला ते पटत होतं, तरी मनाची टोचणी जात नव्हती.

भेटायला येणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर ती काकूंना भेटायला गेली. सरांच्या खुर्चीवर घड्या घालायचे कपडे पडले होते.

"लग्न झाल्यापासून ह्यांच्या तोंडी पेशीच होत्या," काकू म्हणाल्या. "जेवतानासुद्धा. मी कंटाळायचे, पुरे म्हणायचे. तू दाखवून गेलीस, आणि पुन्हा एक शब्द नाही. आम्ही दोघं समोरासमोर बसून नुसते जेवायचो."

"काकू, त्यांनीच विचारलं..."

"माहीत आहे. त्यांनीच सांगितलं मला. खोटं बोलली असतीस तर त्यांनी तुला पुन्हा दारात उभं केलं नसतं." काकूंनी एक टॉवेल उचलला, घडी घातली, पुन्हा मोडली. "तुझी चूक नाही गं. पण थोडे दिवस येऊ नकोस. तुला बघितलं की मला राग येतो, आणि मला तो यायला नकोय."

"बरं," ती म्हणाली.

काकू तिला दारापर्यंत सोडायला आल्या. कडी लावल्याचा आवाज मात्र तिचा जिना उतरून होईपर्यंत आला नाही.