पातेलं थोरलीकडे, झाकण धाकटीकडे

थोरल्या आणि धाकट्या जावेचं बोलणं बंद होऊन अकरा वर्षं झाली होती, आणि या अकरा वर्षांत दोघी बोलल्या नाहीत असा एक दिवस गेला नव्हता.

आता हे कसं, तर नीट ऐका. भावाभावांची वाटणी झाली तेव्हा मधे दीड हाताची बोळ सोडून दोन घरं उभी राहिली. भांडी वाटताना सासूबाईंचं मोठं पातेलं थोरलीकडे गेलं आणि त्याचं झाकण धाकटीकडे. आधी तू दे, नाही आधी तूच दे, यावरून जे वाजलं ते वाजलंच. भाऊ आठवडाभरात एकत्र चहा प्यायला लागले, बायकांनी मात्र तोंडं फिरवली. पण फिरवून जाणार कुठे? दोघींच्या शेगड्या खिडकीखाली आणि खिडक्या समोरासमोर. मग थोरली पातेल्याला सांगायची, "कोणाचं तरी दूध उतू चाललंय." धाकटी खिळ्याला टांगलेल्या झाकणाला म्हणायची, "कोणाचा तरी कांदा करपतोय, नाक आहे की गहाण टाकलंय." लेकी बोले सुने लागे, त्यातलाच प्रकार. दुखणीखुपणी, ठरलेली लग्नं, मोडलेली लग्नं, नवऱ्यांचे उपद्व्याप, सगळं या दोन भांड्यांमार्फत जायचं यायचं.

सगळं सुरळीत चाललं होतं, पण थोरलीला खोकला लागला. खोकून खोकून बरगड्या दुखायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, औषधाला काय अर्थ आहे, आधी स्वयंपाकघरातला धूर काढा. झालं, थोरलीची मुलगी दुसऱ्याच दिवशी चिमणीवाल्याला घेऊन हजर.

चिमणीवाला कामाचा माणूस होता. त्याने कागदाची एक बारीक पट्टी खिडकीत धरली. पट्टी आत फडफडली. "बघा काकू, वारा आत येतोय. बाहेर जायचा धूर तुमच्याच तोंडावर परत."

"कळतंय मला. मीच खाते तो," थोरली म्हणाली.

"एक तर खिडकी बुजवायची आणि तिथे चिमणी लावायची."

"उजेड जाईल."

"चिमणीला दिवा असतो. बरं, नसेल तर खिडकीच्या चौकटीत एक्झॉस्ट पंखा बसवू. बाकीची काच मात्र कायमची बंद. आणि धूर बोळात जाणार, तेव्हा समोरच्यांना विचारावं लागेल."

थोरली पातेल्याकडे बघून पुटपुटली, "या माणसाला घाई फार."

"घाई नाही काकू, पर्याय सांगतोय."

"तुम्हाला नाही म्हटलं. पातेल्याला म्हटलं."

चिमणीवाल्याने पातेल्याकडे पाहिलं आणि जरा अदबीने बाजूला सरकला. तेवढ्यात समोरून आवाज आला, "विचारायचं तर तोंड उघडावं लागतं, बरं का रे झाकणा."

"हे झाकण म्हणजे कोण?" चिमणीवाल्याने हळूच विचारलं.

"तुम्ही माप घ्या," मुलगी म्हणाली. तिचं निम्मं आयुष्य या पातेल्या-झाकणात गेलं होतं.

ओटा कापून मागून वर येणारी एक चिमणी असते, तीही त्याने सांगितली. पण ती चालू असताना खिडकी उघडी ठेवायची नाही, नाहीतर वारा धूर पळवतो. थोरलीने तिलाही नाक मुरडलं. शेवटी त्याने पेन्सिल कानावर ठेवली. "मग शेगडीच हलवू. खिडकीच्या विरुद्ध भिंतीला शेगडी, वर चिमणी. खिडकीला हातही लावत नाही."

"हे बेस झालं," मुलगी म्हणाली. "खिडकी पण राहिली आणि धूरही गेला. आई, आता यात काही खोड काढू नकोस."

खोड काढायला जागाच नव्हती. मुलगी आणि चिमणीवाला मीटर बघायला बाहेरच्या खोलीत गेले आणि थोरली ओट्याला टेकून उभी राहिली. तिला रडू येत होतं, आणि पातेल्यासाठी रडणारी बाई म्हणून हसूही येत होतं.

"ऐकलंस ना," ती पातेल्याला म्हणाली. "आता तुझी खिडकीकडे पाठ."

समोर झाऱ्याचा आवाज थांबला. "ज्याला खोकला आहे त्याने गुमान हलावं, झाकणा. माणूस धडधाकट राहिलं तर भांडण. आणि पाठ करूनही बोलता येतंच की."

"बोलता येतं. ऐकू येत नाही." थोरलीने पातेल्याची कड पदराने पुसली. "या पातेल्याचा उजवा कान वर्षभरापूर्वीच गेला. घरात कोणाला सांगितलं नाही. समोरचं तोंड दिसलं तरच कळतं काय म्हणतंय ते."

थोरलीने मान वर करून पाहिलं तर खिडकीत कोणी नव्हतं, आणि खिळ्यावर झाकणही नव्हतं. झाकून ठेवलेलं दुखणं सांगून बसले आणि ऐकायला कोणी नाही, आता भोगा कर्माची फळं, असं ती स्वतःलाच म्हणाली.

तेवढ्यात पुढचं दार धाडकन उघडलं. अकरा वर्षांत ज्या उंबऱ्यावर तिचं पाऊल पडलं नव्हतं तो ओलांडून धाकटी आत आली, एका हातात झाऱ्या, दुसऱ्या हातात झाकण. मुलगी "काकू" म्हणेपर्यंत ती स्वयंपाकघरात पोचली होती. मागोमाग चिमणीवालाही आला.

"शेगडी त्या भिंतीलाच घ्यायची," धाकटीने त्याला फर्मावलं. "चिमणी वर लावा, आवाज कमी असेल ती. आणि शेगडीच्या डाव्या अंगाला दीड हात जागा मोकळी सोडायची."

"तिथे काय येणार?"

"स्टूल."

"स्टूल उजवीकडे ठेवा ना काकू, डावीकडे नळ आहे."

"नळ हलवा," धाकटी म्हणाली. "मला डावीकडेच बसायचंय."

चिमणीवाल्याने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने मान डोलावली. त्याने वहीत लिहून घेतलं: स्टूल, डावीकडे.

धाकटीने झाकण पातेल्यावर ठेवलं. अकरा वर्षांत दोन्हीला पोचे आले होते, ते काही नीट बसेना. तिने तळव्याने दोनदा ठोकून बसवलं.

थोरलीने डोळे पुसले आणि सवयीने खाली वाकली. "बघ रे पातेल्या, किती वर्षं लागली हिला."

धाकटी वळसा घालून तिच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. "पातेल्याला काय सांगतेस, ताई," ती म्हणाली, "मी इकडे आहे."