अठरा वेळा समात

माझं गाणं पहिल्या नंबरवर गेलं त्या सकाळी मी सासऱ्यांचा चहाचा पेला काठोकाठ भरला. आम्हा कझाकांत पेला अर्धाच देतात. भरलेला म्हणजे 'प्या आणि चालते व्हा'.

"सासऱ्याला हाकलतेस काय गं?" सासूबाई म्हणाल्या.

माझं डोकंच ठिकाणावर नव्हतं. गाणं तरी काय, एका येडीचं! पोरगा ढुंकून बघत नाही, आणि ही आपली त्याच्या नावाचा जप करतेय: समात, समात. अठरा वेळा! रेकॉर्ड केलं तेव्हा मी येरासिलला ओळखतही नव्हते. मग लग्न झालं, आणि सासऱ्यांचं नाव समात! कझाक सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. लग्नाआधी गायलं ते माफ, आता गायलं तर सासरची अब्रू गेली. आणि दुपारी शिमकेंत शहराच्या चौकात नौरोजचा, नव्या वर्षाचा कार्यक्रम.

"दुसरं गा ना," येरासिल म्हणाला.

"दुसरं ऐकायला कोण येतंय, तुझा काका? आज हे नाही गायलं तर उद्या मला कुत्रं विचारणार नाही."

शेवटी सासूबाईंनाच विचारलं. "मी एकतीस वर्षं ह्यांना 'घरधनी'च म्हणतेय," एवढं बोलून त्या शाल शोधायला गेल्या. गाऊ की नको, काही कळेना. असा राग आला मला!

स्टेजवर चढले. दुसऱ्या रांगेत अख्खं सासर, टोमण्यांची तयारी करून बसलेल्या आत्याबाईंसकट. पहिलं कडवं कसंबसं निभावलं. धृपद आलं, मी तोंड उघडलं आणि नाव येताच माइक खाली केला. वाजवणारे वाजवत राहिले. लोक कुजबुजायला लागले. संपलं सगळं, मला वाटलं.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून घोगरा आवाज आला. "समात!"

सासूबाई उभ्या होत्या, लालबुंद. आत्याबाई त्यांची शाल ओढत होत्या. मी घाईघाईनं पुढची ओळ गायली आणि नावापाशी थांबले. "समात!" पुन्हा त्याच. तिसऱ्यांदा सगळा चौक ओरडला.

सासरे मात्र मान वळवून मागच्या रांगा धुंडाळत होते, आपल्याला कोण हाक मारतंय म्हणून. बायको शेजारीच उभी होती.