कपाटात परत गेलेलं पुस्तक

“गयासभाई, ते विषांचं पुस्तक नका हो नेऊ! आमचं सगळं त्याच्यावर चालतं,” अपघात विभागाच्या नर्स मालनबाई कळवळून म्हणाल्या.

“आजच्या पुरतं, बाई. तपासणी आटपली की मी स्वतः आणून देतो,” म्हणत गयासभाईंनी पुस्तक काखोटीला मारलंच.

औरंगाबादच्या एका ट्रस्टच्या दवाखान्याचे गयासभाई ग्रंथपाल. बहात्तरच्या दुष्काळानं गावंच्या गावं शहराकडे लोटलेली, चिकलठाण्याला कारखाने उठत होते आणि दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. अशात म्हणे बाहेरच्या तपासनीसांनी येऊन ग्रंथालयाचा दर्जा मोजायचा! मोजायचा कशावर? तर पुस्तक जागेवर आहे की नाही, यावर. बाहेर सापडलं की गुण कापले. ते कुणाच्या उपयोगी पडलं का, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. गुण कमी पडले, तर ग्रंथालय बंद करून तिथं खाटा टाकायच्या, असं ठरलेलं. गयासभाईंच्या जिवाला त्याचाच घोर होता.

तपासणी झकास झाली. अधीक्षक अनंतराव खुशीत म्हणाले, “ग्रंथालय वाचलं बरं का! चला, तपासणीच्या पाहुण्यांना दौलताबाद दाखवून आणू.” गयासभाईंनी घाईघाईनं कपाटाला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि जीपमध्ये बसले. पुस्तक परत द्यायचं राहूनच गेलं.

परत आले तेव्हा उन्हं कलली होती. मालनबाई दारातच उभ्या होत्या.

“कुठं होता हो? करमाडकडची खडी फोडणारी बाई पोराला घेऊन आली. भुकेपायी त्यानं पेरणीचं बियाणं खाल्लं, कीडनाशक लावलेलं. डॉक्टर नवे, त्यांना उतारा आठवंना. मोठ्या दवाखान्याचा फोन लागंना. कुलूप तोडायला माणूस धाडला, तवर पोर गेलं.”

गयासभाईंनी कपाट उघडलं. उताऱ्याचं पान लगेच सापडलं. औषध दवाखान्यातच होतं. त्यांना स्वतःची शिसारी आली.

पोराची आई, केसरबाई, व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. त्यांच्या हातातल्या पुस्तकाकडं बघत तिनं विचारलं, “दादा, समदे धुंडत व्हते ते ह्येच का वं पुस्तक?”

“व्हय, माय.”

“माझ्या लेकराचं औषध ह्याच्यात लिवलेलं व्हतं?”

गयासभाई तिच्यासमोर फरशीवर बसले. “व्हतं.”

“मंग वाचा की, दादा.”

त्यांनी पान उघडलं आणि इंग्रजीतली एकेक ओळ मराठीत करून तिला वाचून दाखवू लागले.