तासाभरावरची ताई

"ताई, निघालं गं!"

इस्पितळाच्या धुलाईखान्याच्या गच्चीवर, ओल्या चादरींच्या मधोमध उभी राहून ती फोनमध्ये ओरडली. दुपारचं विमान डोक्यावरून घरघरत गेलं, चादरींवरून त्याची सावली सरकली, आणि शेजारच्या देशातली तिची थोरली बहीण म्हणाली, "बरं. चहा टाकते."

दोघींचा हा रोजचा खेळ. सीमेपलीकडचं ते शहर सहाशे किलोमीटरवर, विमानानं तासाभराचं. ताईचं सासर तिथल्या विमानतळाजवळच. तेच विमान तिच्या गॅलरीवरून उतरू लागलं की तिचा उलट फोन यायचा, "आलं बाई तुझं!" मधल्या वेळात धाकटीचे हात चादरी झटकत, पण मन ढगांत असे. आपणच खिडकीशी बसलोय, खाली नदी, मग डोंगर, मग ताईच्या कुंड्या.

"विमान काय तुमच्या बापाचंय का?" मुकादमीण चिडवायची. "एकदा बसा की त्यात!"

"बसेन हो. तासाभराचा तर रस्ता. कधीही जाता येईल."

तिथंच घोडं अडलं होतं. ताई साता समुद्रांपलीकडे असती, तर ही केव्हाच जाऊन आली असती. जवळच आहे म्हणून आज नको उद्या करता करता दोघींचे केस पिकले.

मग एका दुपारी "आलं" म्हणायला भाचीचा आवाज आला. "मावशी, डॉक्टरांनी हात टेकलेत. आई सारखी तुलाच विचारते. ये आता."

मुकादमिणीनंच धावपळ करून तिकीट काढवलं आणि निघताना म्हणाली, "गच्चीवरून फोन मी करते. नेम चुकायला नको."

विमान उठलं. खाली पांढरे ठिपके दिसले. आपल्याच चादरी! तिथं मुकादमीण मान वर करून "निघालं हो" म्हणत असणार. तिला हसू आलं, डोळेही भरले. नदी खरंच लागली, डोंगरही. हे सगळं आधीच पाहिलंय असं तिला वाटत राहिलं.

दारातच भाची गळ्यात पडली. "मावशी, आई गेली गं. तू वाटेत असतानाच."

आतल्या खोलीत ताईला निजवलं होतं. तिच्या गार कपाळावर हात ठेवून ती बराच वेळ उभी राहिली. मग गॅलरीत आली. खुर्चीशेजारी दोन कप होते. एक अर्धा प्यालेला, दुसऱ्यावर बशी.

"फोन आला तशी म्हणाली, दोन कप टाक," भाची रडत सांगत होती. "म्हटलं, अजून वेळ आहे. तर म्हणाली, झाकून ठेव."

ती ताईच्या खुर्चीत बसली. जन्मभर तासाभराचा रस्ता म्हणत आली, आणि नेमकी त्या तासातच ताई निसटली. तिला रडूही येईना.

फोन वाजला. मुकादमीण होती. "अहो, पोचलात का? 'आलं' कोण म्हणणार?"

"आलं," ती म्हणाली.

"मग, ताईंनी चहा टाकला का?"

"टाकलाय हो." तिनं बशी बाजूला केली आणि गार चहाचा एक घोट घेतला.