लग्नाआधीची नागप्रतिष्ठा

आडी महिन्यातला, म्हणजे तमिळ आषाढातला, शुक्रवार होता. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत त्या दिवशी प्रत्येक दारापुढचे कोलम नेहमीपेक्षा मोठे असते. सरोजानेही पहाटे सडा घालून तांदळाच्या पिठीचे मोठे कोलम काढले, आत येऊन फिल्टरमधली डिकॉक्शन पातेल्यात ओतली आणि पती सीतारामराव यांच्या टंबलरमध्ये फेसाळ कॉफी आणून दिली. पाटबंधारे खात्यातल्या नोकरीवर जायची त्यांची घाई होती. त्यांनी मान वर केली नाही, तिनेही काही विचारले नाही. सरोजा कामे करीत होती असे म्हणण्यापेक्षा कामे तिच्या हातून होत होती, असे म्हणणे अधिक खरे ठरेल. गेली कित्येक वर्षे असेच चालले होते.

नऊच्या सुमारास तिची मुलगी विनुता कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून धावतच घरी आली.

"अम्मा, मिळाली! मद्रासची सीट मिळाली मज! फोनवर कॉलेजच्या ऑफिसातल्या माणसानं नाव वाचून दाखवलं. मी पुन्हा वाचायला लावलं."

"कसली सीट?"

"एम.ई.ची गे. विमानांची. इंजिनिअरिंग आणि मॅनेजमेंट, दोन्ही."

"बरं झालं," सरोजा म्हणाली. "कॉफी घेतेस?"

विनुता हसली. "छतावर विमान उतरलं तरी तू पायलटला कॉफी घेतोस का म्हणून विचारशील."

तिचा थोरला भाऊ प्रद्युम्न ओसरीवर एका चित्राला सोन्याचा वर्ख लावीत बसला होता. त्याला जन्मापासून ऐकू येत नसे. विनुताने हाताचा पंजा सपाट धरून हवेतून वर नेला, मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवले. प्रद्युम्नला पहिल्या झटक्यातच समजले. त्याने वर्ख लागलेल्या बोटांनी तिच्या कपाळाला टिकली लावली.

विनुताला विमान उडवायचे नव्हते. ते जमिनीवर असताना त्याची निगा कोणी, केव्हा आणि कशी राखायची, आणि या साऱ्याचा कारभार कसा चालवायचा, हे तिला शिकायचे होते. खासगी कंपन्यांची विमाने नुकतीच उडू लागली होती. मेकॅनिकलच्या परीक्षेत ती वर्गात पहिली आली तेव्हा तिच्या प्राध्यापकांनीच हा नवा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुचवला होता.

"अज्जीला कोण सांगणार?" विनुताने विचारले, आणि मायलेकी दोघी गप्प झाल्या.

या मौनाचे कारण महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगावे लागेल. तिकडे मामाने भाचीशी लग्न करणे ऐकायलाही नको वाटते. पण दक्षिणेत पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी घरांतून ही चाल इतकी मुरली आहे की, तीत काही विशेष आहे असे कोणालाच वाटत नाही. मुलीवर पहिला हक्क तिच्या मामाचा असतो. मामाने नको म्हटल्यावरच ती बाहेर द्यायची. सरोजाची आई वेंकूबाई हिने आपली मुलगी आपल्याच धाकट्या भावाला दिली होती. तो भाऊ म्हणजे सीतारामराव. आता त्याच वेंकूबाईचा मुलगा, म्हणजे सरोजाचा धाकटा भाऊ सतीशकुमार, याला विनुता द्यायची, हे विनुता पाळण्यात असतानाच ठरले होते. आडीत मंगल कार्य करीत नाहीत; तो संपून पुढचा आवणी महिना लागला की निश्चय, म्हणजे साखरपुडा, व्हायचा होता.

संध्याकाळी वेंकूबाई सतीशच्या स्कूटरवर मागे बसून आली. सतीश कुंभकोणमला बँकेत होता. शांत स्वभावाचा, तिशी ओलांडलेला. सीतारामरावांनी आपल्या थोरल्या बहिणीला बातमी सांगितली.

"विमानाचं मॅनेजमेंट?" वेंकूबाईने पदराने घाम टिपला. "विमान चालवायला पायलट अहे, वाढायला मुली अहेत. हिनं तिथं काय हॉर्न वाजवायचा?"

सगळे हसले. विनुताही हसली.

"शीक की," वेंकूबाई पुढे म्हणाली. "नको कोण म्हणतं? आवणीत लग्न करून टाकू, मग जा मद्रासला. सतीश बदली मागून घेईल. काय रे?"

सतीशने स्कूटरची किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "तू म्हणशील तसं, अम्मा."

"अज्जी," विनुता म्हणाली, "मज शिकायचंही अहे, आणि सतीशमामाशी लग्नही नको अहे. या दोन वेगळ्या गोष्टी अहेत."

सीतारामरावांनी पेपर खाली ठेवला. "हे कधीपासून?"

"विचारलंत कधी, अप्पा? मामानं मज सायकल शिकवली. मागून सीट धरून गल्लीभर धावायचा. त्याला मी मामा म्हणते. लग्न झाल्यावर काय म्हणू?"

"तुझी अम्मा काय म्हणते तुझ्या अप्पाला?" वेंकूबाईचा आवाज सहज होता. "चार दिवस जीभ अडखळते. मग सवय होते."

सरोजा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. चार दिवसांत सवय झाली नव्हती. सतराव्या वर्षी, लग्नाच्या सकाळपर्यंत, ती सीतारामरावांना मामा म्हणत होती. आजही मध्येच कशाने दचकली तर तिच्या तोंडून तीच हाक निघे, आणि सीतारामराव ऐकले न ऐकलेसे करीत. यात आपल्याला दुःख होते की नाही, हे तिने कधी तपासून पाहिले नव्हते. दाढ दुखून दुखून बधिर होते आणि मग तिचा विसर पडतो, तसे काहीसे झाले होते.

"आणि मुलांचं काय, अज्जी?" विनुता थांबली नाही. "अण्णाच्या आधी दोन गेली. अण्णाला ऐकू येत नाही. एका विमानात एक भाग तुटला तर त्याच बनावटीची सगळी विमानं खाली उतरवून तपासतात. आपल्या घरात कोणी काही तपासलं?"

"घर म्हणजे विमान नव्हे," सीतारामराव म्हणाले.

"नव्हेच. विमानात बसायचं की नाही, हे बसणारा ठरवतो."

"पाहा, जीभ पाहा!" वेंकूबाई म्हणाली, पण तिच्या डोळ्यांत नातीचे कौतुकही होते. "प्रद्युम्नाचं म्हणतेस, मग तू कशी ग सोन्यासारखी झालीस? तूही याच घरची."

ते खरे होते. नात्यातल्या प्रत्येक लग्नातून असेच घडते असे नाही. प्रद्युम्न दोन वर्षांचा असताना मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनीही तसेच सांगितले होते. ताट खाली पडले तरी पोर मान वळवत नाही, म्हणून त्याला तिकडे नेले होते. बाईंनी आधी विचारले, तुम्ही दोघे नात्यातले का? मग सांगितले की रक्त इतके जवळचे असले की धोका वाढतो; आणि हेही सांगितले की मुलाला बहिऱ्या मुलांच्या शाळेत घाला, तो हुशार आहे. सीतारामराव अपमान झाल्यासारखे उठून गेले. मुलाला शाळेत घातले नाही, कारण शाळेत घातले असते तर गावाला कळले असते. वेंकूबाईने सर्पदोष सांगितला. तळ्याकाठच्या पिंपळाखाली या घराने दगडी नाग बसवले होते. पहिले मूल गेल्यावर एक, दुसरे गेल्यावर एक, आणि मग प्रद्युम्नासाठी एक. प्रत्येक वेळी सरोजाने ओल्या साडीने प्रदक्षिणा घातल्या होत्या आणि दोष आपल्याच कुशीत आहे असे मानले होते.

वेंकूबाईने विनुताला जवळ ओढले. "भितेस होय ग कण्णा? भिऊ नको. त्याचीही सोय केली अहे मी. शिल्पीला नाग घडवायला सांगून ठेवलाय. या खेपेला लग्नाच्या आधीच प्रतिष्ठा करून टाकू. म्हणजे पुढं काही व्हायला नको."

हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर समाधान होते. आपण किती दूरचा विचार केला, असे.

सरोजाच्या हातात शुक्रवारच्या सुंडलाचे, म्हणजे फोडणी दिलेल्या उकडलेल्या हरभऱ्यांचे, भांडे होते. तिने ते खाली ठेवले.

"आधीच?" तिने विचारले.

"हो की. आधीच."

"अम्मा, दोष दिसला की प्रतिष्ठा करतात. अजून लग्न नाही, मूल नाही. दोष कोठे दिसला?"

"दिसायच्या आत केलेलं बरं, म्हणून तर..."

"म्हणजे तो दिसणार, हे तुज ठाऊक अहे."

प्रद्युम्न एकेकाच्या तोंडाकडे पाहत होता.

"माझ्या कुशीत दोष अहे म्हणालीस," सरोजा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. भाजीचा भाव विचारावा तशा आवाजात ती बोलत होती. "माझ्या कुशीत असता तर विनुताच्या लग्नाला दगड कशाला? सतीशच्या लग्नाला कशाला? डॉक्टरीणबाई बोलल्या ते तू ऐकलंस. तुज कळलं होतं."

वेंकूबाईने पदराचे टोक पिळले. मग म्हणाली, "माझीही गेली गे. तुझ्या आधी एक. तुझ्यानंतर, सतीशच्या आधी, आणखी. मीही मामालाच दिलेली. माझ्या अम्मानंही दगडच बसवला."

"मग मज का दिलीस?"

"बाहेर कशी देऊ? घरचा मुलगा असताना मुलगी बाहेर दिली तर लोक विचारतात, त्याच्यात काय उणं अहे, का हिच्यात? चार घरांत तोंड दाखवायचं असतं."

या वाक्यात क्रौर्य नव्हते, हेच त्यातले भयंकर होते. वेंकूबाईने जे सोसले तेच तिने मुलीला दिले, आणि देताना मनात काही आले असले तरी ते कोणाला दिसू दिले नाही. आता तेच नातीला द्यायला ती निघाली होती, फक्त या वेळी उपाय आधी आणि अपाय मागून येणार होता.

"विनुताला मी देत नाही," सरोजा म्हणाली.

सीतारामराव उभे राहिले. "म्हणजे आपलं लग्न चूक होतं, असं म्हणतेस?"

सरोजाने त्यांच्याकडे पाहिले. ते वाईट नवरे नव्हते. कधी हात उगारला नव्हता. त्या दोन बाळांना पुरून आल्यावर ते माडाखाली एकटेच बसून राहिले होते, हे तिने पाहिले होते.

"मज ठाऊक नाही," ती म्हणाली. "मज कोणी विचारलं नव्हतं. एवढंच ठाऊक अहे."

"अक्का," सतीश एकदम म्हणाला आणि त्याने दोन्ही तळव्यांनी डोळे झाकले. "मीही नको म्हणणार होतो. या पोरीला मी सायकलवर बसवलंय. अम्मापुढे तोंडच उघडेना."

"तुझं तोंड जेवायला तेवढं उघडतं!" वेंकूबाई ओरडली. पण ओरडण्यात जोर नव्हता. ती उठली, चपला शोधू लागली, आणि चपला पायाशीच असून तिला सापडेनात. शेवटी विनुताने त्या तिच्या पायात सरकवल्या. नातीच्या डोक्यावर हात ठेवावा की न ठेवावा अशी ती क्षणभर घुटमळली आणि तशीच बाहेर पडली.

त्यानंतर वेंकूबाईचे येणे थांबले. सीतारामराव जेवताना बोलेनासे झाले. गल्लीत कुजबुज झाली: मुलगी दूर मद्रासला चालली, मामानेच नाकारली म्हणे, काहीतरी असेल. सरोजाने सारे ऐकून घेतले. आपण मोठे काही केले असे तिला वाटले नाही. रडूही आले नाही. डाळ निवडली, ताक घुसळले, विनुताची ट्रंक भरली.

बसस्थानकावर प्रद्युम्नने ट्रंक गाडीच्या टपावर चढवून दोरीने आवळली. विनुता खिडकीशी बसली होती. तिने बाहेर हात काढून आईचे मनगट धरले.

"अम्मा, एक विचारू? तुज विचारलं असतं, तर तू काय म्हणाली असतीस?"

सरोजाने विचार केला. सतरा वर्षांची ती मुलगी तिला आठवेना. तिला काय आवडत असे, कोठे जावेसे वाटत असे, काहीच सापडेना. जिथे उत्तर असायला हवे तिथे कोरी भिंत होती. ती काही बोलायच्या आत गाडी सुरू झाली. विनुताचा हात सुटला. धुरळा बसेपर्यंत सरोजा तिथेच उभी राहिली, आणि मग प्रद्युम्नने तिचे कोपर धरून तिला वळवले.

आवणीत एका सकाळी गल्लीच्या टोकाची नागलक्ष्मी हळदकुंकवाची डबी घेऊन दारात आली. चेहरा आनंदाने फुललेला होता.

"आमच्या नित्याचा निश्चय अहे गे, बुधवारी. नक्की यायचं. मुलगा बाहेरचा नव्हे हं; माझाच भाऊ. घरातली मुलगी घरातच राहिली."

सरोजाने कपाळावर कुंकू लावून घेतले. नित्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. सरोजाने तिला परकरात गल्लीतून धावताना पाहिले होते.

"नित्याला विचारलंस?"

नागलक्ष्मी हसली. "विचारायचं काय त्यात? मामाच की तो."

"विचार," सरोजा म्हणाली.

"विचारीन की. सावकाश."

"आतां विचार. मी येते तुझ्याबरोबर."

नागलक्ष्मीचे हसू थांबले. विनुताच्या प्रकरणानंतर ही बाई जरा बिघडली आहे, असे तिने ऐकले होते. पण हळदकुंकू लावून झाल्यावर भांडायचे कसे? ती वळली. सरोजाने दार ओढून घेतले आणि तिच्या मागोमाग चालू लागली. आपण काय बोलणार आहोत हे तिला माहीत नव्हते. इतकेच माहीत होते की, प्रश्न विचारला जाईपर्यंत ती त्या घरातून हलणार नव्हती.

नित्या परसात केस वाळवीत होती. आईने विचारले, घाईने, अर्ध्या आवाजात, जणू आमटीत मीठ झाले का म्हणून विचारावे. नित्याने आधी आईकडे पाहिले, मग सरोजाकडे. हा प्रश्न आपल्याला विचारता येतो, हे तिला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते.

"घाई नको, विचार करून सांग," सरोजा म्हणाली, आणि परसाच्या पायरीवर बसली.